गाठ काढली, तरी झटके का येतात?
(लोहारा येथे केलेले भाषण)



आज आपण एका अवघड दुखण्याविषयी बोलू. मेंदूत गाठ होते, ऑपरेशन करून ती काढतात. पण त्यानंतरही काहींना मिरगीसारखे झटके येत राहतात. त्याला तोंड कसे द्यायचे, ते पाहू.

या आजारासाठी आपल्याकडची माणसे नागपूरला जातात, सेवाग्रामला जातात, कोणी मुंबईच्या टाटा रुग्णालयातही जातात. ऑपरेशन होते. कोणाला किरणांचे शेक देतात. माणूस घरी येतो. घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे! अन् एक दिवस जेवता जेवता त्याचा हात उडू लागतो. तोंड वाकडे होते. माणूस खाली पडतो.

मग घरचे विचारतात, "भाऊ, गाठ तर काढली. मग हे कशाचे? गाठ पुन्हा आली का? का कोणी करणी केली?"

करणी नाही, अन् अंगात येणेही नाही. मेंदूचे काम विजेच्या अगदी बारीक लहरींवर चालते. त्या लहरींनीच हात हलतो, जीभ बोलते. मोटारीची तार एका जागी सोलली, तर तिथे ठिणगी उडते. तसेच इथे होते. गाठ होती त्या जागी वण राहतो. कधी गाठीचा थोडा अंश राहतो, कधी सूज असते. तिथली वीज एकाएकी भडकते. तोच झटका.

म्हणून झटका आला म्हणजे गाठ परत आलीच, असे समजू नका. मात्र झटके वाढले, किंवा वेगळ्या तऱ्हेचे येऊ लागले, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता गोळीविषयी. झटक्याची गोळी वण पुसत नाही. ती ठिणगी दाबून ठेवते. गोळी बंद केली की ठिणगी मोकळी होते. दोन महिने झटका आला नाही, म्हणून पुष्कळ लोक गोळी सोडतात. पण झटका आला नाही, तो गोळीमुळेच आला नसेल! एकाएकी गोळी सोडली, तर झटक्यावर झटके येतात अन् जिवावर बेतते. गोळी कमी करायची की थांबवायची, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. उपास असला तरी गोळी घ्या. गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या, की नव्या आणा. गोळीने फार झोप येते, चिडचिड होते, अंगावर पुरळ उठते, असे काही झाले तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलून देतील.

जागरणाने झटका ओढवतो. आपल्याकडे रानडुकरांपायी शेतात जागलीला जावे लागते. अशा माणसाला जागलीला पाठवू नका. भावाने जावे, शेजाऱ्याशी पाळी लावावी. दारूनेही झटका येतो. ताप आला तर अंगावर काढू नका.

झटका आला तर काय करायचे? घाबरू नका. जवळची विळी, दगड, चूल यांपासून माणसाला दूर करा. डोक्याखाली घडी केलेले लुगडे किंवा दुपट्टा ठेवा. गळ्याजवळचे बटण सोडा. आचके थांबले की त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल अन् श्वास मोकळा राहील. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणीही पाजू नका. कांदा अन् चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. तो बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच थांबतो. लोकांना वाटते, चपलेने थांबला!

घड्याळ मात्र बघा. पाच मिनिटांच्या वर झटका चालला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर १०८ नंबरला फोन करा अन् दवाखान्यात न्या. आपल्या जिल्ह्यात यवतमाळला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. झटका गेल्यावर माणूस काही वेळ भांबावलेला असतो. त्याला झोपू द्या. त्याच्याजवळ बसा.

कामाचे काय? त्याला घरात कोंडू नका. कापूस वेचता येतो, निंदण करता येते, दुकानात बसता येते. पण विहिरीच्या काठावर जाणे नको. झाडावर चढणे नको. डॉक्टर सांगेपर्यंत मोटारसायकल अन् ट्रॅक्टर नको. बाईला झटके येत असतील, तर चुलीजवळ तिला एकटी सोडू नका. फवारणी तर नकोच. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे दगावली, हे आपण विसरलो नाही. ते विष अंगात भिनले, तर धडधाकट माणसालाही झटके येतात.

आता आपल्या शिकण्याचा उपयोग सांगतो. १८८४ साली लंडन शहरात एक तरुण शेतकरी दवाखान्यात आला. त्याच्या तोंडाच्या डाव्या बाजूला अन् डाव्या हाताला आचके येत. तेव्हा मेंदूचा फोटो काढण्याचे यंत्र नव्हते. पण मेंदूची उजवी बाजू अंगाची डावी बाजू चालवते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. आचके कुठे सुरू होतात, एवढ्यावरून बेनेट नावाच्या डॉक्टरांनी गाठीची जागा सांगितली. गॉडली नावाच्या डॉक्टरांनी कवटी उघडली. गाठ तिथेच निघाली! पुढे महिन्याभरात जखम चिघळून तो शेतकरी वारला. पण मेंदूतली गाठ अशी हुडकून काढता येते, हे जगाला कळले.

यातून आपण काय घ्यायचे? झटका येतो तेव्हा डॉक्टर तिथे नसतात. घरची माणसे असतात. त्यांनी पाहिलेले फार मोलाचे असते. म्हणून एक वही करा. तारीख लिहा. वेळ लिहा. झटका किती मिनिटे चालला ते लिहा. आधी कोणता हात उडाला? बोलणे बंद झाले का? नुसता टक लावून बसला का? तोही झटका असू शकतो. त्या दिवशी गोळी चुकली होती का, जागरण झाले होते का, तेही लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी किती द्यायची, ते ठरवायला त्यांना ती उपयोगी पडेल.

शेवटी एक गोष्ट. झटके येतात म्हणून सून माहेरी धाडतात, माणसाला पंगतीला बोलावत नाहीत. हे बरे नव्हे. झटका शिवल्याने लागत नाही. पूर्वी हिंदू विवाहाच्या कायद्यात मिरगी ही लग्नाला बाधा मानली होती. १९९९ साली ती कायद्यातून काढून टाकली. कायद्याने काढली, आता आपण मनातून काढू.

गाठ डॉक्टरांनी काढली. पुढचे काम घराचे अन् गावाचे आहे. गोळी वेळेवर, झोप पुरेशी, वही जवळ, अन् माणूस माणसांत. एवढे आपल्याला करता येईल.