आलो, ही एक मॅच संपू दे

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'आयटीतल्या संधी' हा विषय दिला होता. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि सध्या आयटीत संधींपेक्षा भाषणंच जास्त आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. मला व्हिडिओ गेमवर बोलायचंय, आणि गेम न आवडणाऱ्या आपल्या आईवडिलांवर. परवा मी अब्बांना विचारलं, "आपल्या घरातलं सांगितलं तर चालेल का?" ते म्हणाले, "सांग. पण मग पैशाचंही सांग." तर पैशाचंही सांगणार आहे.

मी इचलकरंजीचा. अब्बा यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. बारा तासांची पाळी. अम्मी घरात कांड्या भरायची. आमच्या गल्लीत एकाने पुढच्या खोलीत टीव्ही गेम लावला होता. अर्ध्या तासाला पाच रुपये. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९ इन १', आणि आत निघायचे तेच दहा-बारा गेम, नावं बदलून. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. ती फुंकर मारायचा मान दुकानदाराचा, पण कधीकधी तो आम्हाला द्यायचा.

मी आणि माझा चुलत भाऊ मिळून काँट्रा खेळायचो. सुरुवातीलाच वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी अशी बटणं ठरावीक क्रमाने दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळतात, हे आम्हाला एका मोठ्या पोराने सांगितलं. त्या दिवशीचा आनंद मला आजही आठवतो. पाढे पाठ होत नव्हते, पण तो क्रम एका दमात पाठ झाला. दोघांनी एकाच स्क्रीनवर पुढे जायचं, एकजण मागे राहिला तर दुसऱ्याने थांबायचं. तो थांबायचा नाही. अजूनही थांबत नाही, त्याचं पुढे सांगतो.

दहावीत होतो तेव्हा सायबर कॅफे आले. तासाला वीस रुपये. काउंटर-स्ट्राइक, रोड रॅश, व्हाइस सिटी. शिकवणीची फी महिन्याला अडीचशे होती. मी दोन महिन्यांची फी दिलीच नाही. पाचशे रुपये भागिले वीस, पंचवीस तास. गणित सोपं आहे. त्या पाचशे रुपयांसाठी अम्मीने किती कांड्या भरल्या असतील, ते गणित मी तेव्हा केलं नाही.

शिकवणीच्या सरांनी अब्बांना रस्त्यात गाठून विचारलं. अब्बा पाळी सुटल्यावर तसेच, अंगावर कापसाची कुसं घेऊन, कॅफेत आले आणि माझ्या मागे उभे राहिले. मला कळलंच नाही. शेजारच्या पोराने कोपर मारलं तेव्हा वळून बघितलं. स्क्रीनवर मी एका माणसाला गाडीतून ओढून काढून मारत होतो. अब्बांनी विचारलं, "याने तुझं काय केलंय?" मला उत्तर सुचलं नाही. नीट विचार केला तर आजही सुचत नाही.

त्यांनी हात उचलला नाही. घरी आल्यावर म्हणाले (घरात आम्ही दखनी बोलतो, मी मराठीत सांगतो), "पैसे गेले, ते पुन्हा मिळवीन. पण मी रोज रात्री विचारत होतो, आज काय शिकवलं. आणि तू रोज काहीतरी सांगत होतास. कुठून आणत होतास रे ते?"

मित्रांनो, आपण म्हणतो की आईवडिलांना गेम कळत नाहीत. खरंय, कळत नाहीत. पण त्यांची भीती गेमची नसतेच. त्यांना दिसतं की पोरगं समोर बसलंय आणि घरात नाहीये. आमच्या वेळी आणखी एक भीती होती, ती आपल्याकडे बोलून दाखवत नाहीत. रात्री दहाला कॅफेवर पोलिसांनी दहा पोरांना हटकलं, तर त्यातल्या कुठल्या नावांची पोरं उशिरा घरी येतील, हे अब्बांना माहीत होतं. मला ती कटकट वाटायची.

आता दुसरी बाजू. माझ्या पिढीचे इंजिनिअर एक युक्तिवाद फार करतात, की गेममुळेच मी कॉम्प्युटरकडे वळलो. माझ्या बाबतीत थोडं खरंही आहे. एज ऑफ एम्पायर्समध्ये सैनिकांना नदीच्या पलीकडे जा म्हटलं की ते पूल शोधून कसे जातात, हा प्रश्न मला पडला होता. कॉलेजात कळलं की अशी वाट शोधायची एक रीत आहे, तिला ए-स्टार म्हणतात, आणि ती १९६८ सालची आहे. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम सोळा मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात सगळा हिशोब उरकायचा असतो, हे कळल्यावर त्या जुन्या गेमबद्दल आदर वाढला. पण म्हणून गेम खेळून कोणी इंजिनिअर होत नाही. तसं असतं तर आमच्या गल्लीतून वीस निघाले असते. एक निघाला, आणि तो शिकवणीची फी नंतर भरली गेली म्हणून.

त्यामुळे हा युक्तिवाद घरी करू नका. मजा येते म्हणून खेळतो, एवढं म्हणा. मजेला दरवेळी उपयोगाचा दाखला कशाला जोडायचा? अब्बा तरुणपणी रमजानच्या रात्री तरावीहनंतर सहेरीपर्यंत कॅरम खेळायचे. त्यावरून दादा त्यांना शिव्या द्यायचे, एकदा बोर्ड मागच्या गटारात टाकला होता. हे मला अब्बांनी नाही, फुफीने सांगितलं. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "कॅरमची गोष्ट वेगळी." दादांना विचारायला दादा नाहीत.

गेममध्ये मलाही खटकतं ते सांगायला हवं. २००९च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये कराचीचा एक नकाशा आहे. तिथल्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत. एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की कराचीतले लोक लिहितात कुठल्या भाषेत. मी कॉलेजच्या हॉस्टेलवर तो खेळत होतो, आणि गोळ्या कोणावर झाडायच्या हे कपड्यांवरून ओळखत होतो. त्याच वयात एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागात सलादीनची मोहीमही खेळलो. तिची गोष्ट सांगतो त्यांच्या कैदेत पडलेला एक नॉर्मन सरदार, आणि सांगता सांगता त्याचं मत बदलत जातं. सुट्टीत घरी ते चालू असताना अब्बांनी नाव ऐकलं. "हे सलाहुद्दीन अय्युबी का?" म्हणाले, आणि खुर्ची ओढून दहा मिनिटं बसले. मग म्हणाले, "घोडे फार हळू चालतात." आणि उठून गेले.

आता माझ्या चुलत भावाचं. त्याला विचारून सांगतोय, नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर पैसे लावून पत्त्यांचा गेम सुरू केला. आधी शंभर, मग हजार. शेवटी बायकोच्या कानातलं गेलं, आणि फोनवरच घेतलेल्या कर्जाची वसुलीवाली माणसं नातेवाइकांना फोन करू लागली. मलाही आला. तो अजून मला म्हणतो, "आपण सोबतच खेळायचो ना? तुला काही झालं नाही, मलाच कसं झालं?" मी त्याला एवढंच सांगू शकलो, की काँट्रात हरलो की आपण पहिल्यापासून सुरू करायचो. तिथे हरलास की गेलेले पैसे परत आणायला बसायचास. तो खेळ नव्हता रे, तो जुगार होता, खेळाचे कपडे घातलेला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, ई-स्पोर्ट्सना त्यातून वेगळं ठेवलं. त्याचं कर्ज अजून फिटतंय.

आणि पैसे न लावताही माणूस अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं. लक्षणं वाचून बघा. स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असून थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. रोज एक तास खेळणारा यात बसत नाही. पण आपल्यातला एखादा बसतो, आणि तो आपल्याला माहीत असतो.

एक साधी अडचण मात्र सुटण्यासारखी आहे. अम्मी जेवायला हाक मारते, आपण म्हणतो "आलो, ही एक मॅच संपू दे", आणि अर्धा तास जात नाही. तिला वाटतं, पोरगं ऐकत नाही. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, सोडली तर बाकीचे तिघे अडचणीत येतात, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. तिच्या दृष्टीने टीव्ही बंद होतो, तसा गेमही बंद व्हायला हवा. तेव्हा सुरू करायच्या आधी विचारा, "जेवण कधी?" वीस मिनिटांत असेल तर सुरू करू नका. मी हे माझ्या भाच्याला शिकवलं. तो निम्म्या वेळा पाळतो. निम्म्या वेळाही पुष्कळ झालं.

बहिणीचं सांगायचं राहिलं. मी पकडलो गेलो, बोलणी खाल्ली, नंतर सुटलो. आपाला त्या टीव्ही गेमच्या खोलीत एकदाही जाता आलं नाही. ती दारात उभी राहून मला जेवायला बोलवायची आणि तेवढ्यात स्क्रीन बघून घ्यायची. गेल्या वर्षी तिने मला विचारलं, "त्या काँट्राच्या शेवटी काय होतं रे?" पस्तीस वर्षं वयाच्या माणसाला रडू येईल असा तो प्रश्न नाही, पण आलं. लॉकडाउनमध्ये तिने अम्मीच्या फोनवर लुडो किंग टाकून दिला. अम्मी आता रात्री अकराला हाक मारली तर म्हणते, "थांब, माझी एक सोंगटी राहिलीय."

अब्बांना गेम अजून आवडत नाहीत. डोळे जातात, मान वाकडी होते, वगैरे. भाचा बीजीएमआय खेळत असला की ते पेपर घेऊन शेजारी बसतात. वरच्या कोपऱ्यात किती जण जिवंत आहेत तो आकडा असतो, तेवढा त्यांना कळलाय. पेपर खाली न करता विचारतात, "किती राहिले?"

माझं बोलणं झालं. प्रश्न घेऊया. आधी मुलींचे घेऊ.