व्यापारी मुलाने अर्थशास्त्र का शिकावे?



मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. तेव्हा विद्यापीठातील विद्येविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. एक हकीगत मात्र सांगतो. नंदुरबारास मिरचीच्या व्यापारात नुकताच पडलेला आपल्या ज्ञातीतील एक तरुण, माझा जुना विद्यार्थी, दोन वर्षांपूर्वी मजकडे आला. पथारीवर वाळत घातलेली त्याची मिरची अवकाळी पावसाने भिजून काळी पडली होती. “गुरुजी, पावसाचे एवढे दुःख नाही,” तो म्हणाला, “पण आदल्या वर्षी माल उत्तम असूनही भाव कोसळला. तो का, हे कोणी सांगेना. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. होणार.”

तराजू धरणाऱ्यास पदवी कशाला, असे मी बोलून गेलो. ते अजून मनाला सलते. सुदैवाने त्याने माझे ऐकले नाही.

परवा त्यानेच मला समजाविले: भाव चढला की सर्वजण लागवड वाढवितात, पुढील हंगामी माल उदंड येतो व भाव पडतो, मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रज्ञ यास कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात म्हणे. ३५ वर्षे गणित शिकवूनही मला हे सुचले नव्हते!

विद्वानाचे धंद्यात काय काम, असे विचारणाऱ्यांनी प्रवरानगर आठवावे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या तेथील सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते.

मुलाचे वडील अद्याप रुष्ट आहेत. परीक्षेच्या दिवसांत पेढी कोण उघडणार, हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना कळविले आहे, की किल्ल्या मजकडे द्याव्यात. वजनाचा हिशेब मला येतो.