सोयाबीन विकण्याची घाई

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. इथलं मुख्य पीक सोयाबीन. दिवाळीच्या तोंडावर पोती बाजार समितीत येतात, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात पडतात. आकडा १२ टक्क्यांवर गेला की भाव उतरतो. वाळवायला जागा नाही, देणेकरी दारात. मग मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला खरा, पण नुसत्या रस्त्यानं ही घाई थांबत नाही. त्यासाठी गावाजवळ गोदामं हवीत. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, पेरणीआधीच विचारून ठेवा.