गुडघे नुसते झिजत नाहीत
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



जुम्याच्या नमाजला गेलो की मशिदीत सफेच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या दिसतात. तिथल्या कोणाही बुजुर्गांना विचारा, उत्तर ठरलेले : "गुडघे झिजले, बेटा. डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात." आजाऱ्याला बसून नमाज अदा करण्याची सवलत आहेच; तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझी तक्रार आहे ती 'झिजले' या शब्दाबद्दल. गाडीचा आस झिजावा तसा गुडघा झिजतो, असे आपण समजतो. आणि मग जितके कमी चालू तितका तो टिकेल म्हणून घरात बसून राहतो. इथेच घात होतो.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. त्याच्या वजनात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. कोलॅजेन या प्रथिनाचे धागे म्हणजे बाजेची वीण समजा. त्या विणीत अ‍ॅग्रिकन नावाचे मोठे रेणू पाणी धरून बसलेले असतात. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. विरळ विखुरलेल्या पेशी मात्र आहेत. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा स्पंजासारखे पाणी आत-बाहेर खेळते; त्यातून त्यांना पोषण मिळते. कूर्चा बांधणाऱ्या याच पेशी. मोडणाऱ्याही याच!

हे कसे कळले? स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या १९२९ ते १९७० या काळात संचालक असलेल्या डेम ऑनर फेल यांनी सत्तरी ओलांडल्यावर, जब या सहकाऱ्यासह, केंब्रिजमध्ये एक सुंदर प्रयोग केला. तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. सांध्याच्या आतील अस्तराचा तुकडा आणि कूर्चेचा तुकडा त्यांनी एकाच बशीत, पण एकमेकांपासून दूर ठेवला. कूर्चा जिवंत असेल तर ती विरघळू लागे. मेलेली असेल तर जशीच्या तशी राही. याचा अर्थ, अस्तराकडून काही निरोप येत होता आणि तो ऐकून कूर्चेच्या पेशी स्वतःच घर मोडत होत्या. या निरोप्याला 'कॅटाबोलिन' नाव मिळाले. १९८४ साली साक्लातवाला व सहकाऱ्यांनी तो शुद्ध करून दाखवले, की हे इंटरल्युकिन-१ चेच एक रूप आहे.

इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ हे दाहाचे निरोपे. ते पोहोचले की पेशी कोलॅजेन व अ‍ॅग्रिकन कापणारी विकरे सोडतात आणि नवी वीण घालणे कमी करतात. तुटलेले कण सांध्यातील द्रवात तरंगतात, त्यांनी अस्तर आणखी चिडते आणि पुन्हा निरोप सुटतात. असे हे रहाटगाडगे.

मग निरोप्यालाच अडवावे, हे कोणालाही सुचेल. आमवातात टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी १९९० नंतरच्या दशकात मोठे यश दिले. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये मात्र त्याच मार्गाने केलेल्या चाचण्या निराशाजनक ठरल्या. एकाला अडवले तरी दुसरे वाटा काढतात असे दिसते. तेव्हा 'कूर्चा परत उगवते' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर पगार उधळू नका.

आता चरबीचे. लठ्ठपणाने गुडघ्यावर भार पडतो, हे खरेच. पण लठ्ठ माणसांच्या बोटांचे सांधेही अधिक बिघडतात. बोटांवर कोण उभे राहते? चरबीच दाहाचे निरोप रक्तात सोडत असते. अमेरिकेत ४५४ वजनदार रुग्णांवर १८ महिने केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आहार आवरून व्यायामही करणाऱ्यांचे दुखणे सर्वांत कमी राहिले. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आहार आवरणाऱ्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हा निरोप्याही कमी आढळला.

आमच्या माता-भगिनींना दोन शब्द. दावतीत आग्रहाची दुसरी प्लेट वाढताना सासूबाईंच्या गुडघ्यांची आठवण ठेवा, आणि त्या सपाट वाटेवर फिरायला निघाल्या तर "अम्मी, बसा" म्हणून अडवू नका. गुडघा लाल, गरम होऊन सुजला तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. एरवी मशिदीतल्या त्याच खुर्चीवर, नमाजला अवकाश असताना, एक पाय सरळ करून मांडी ताठ धरावी, पाच अंक मोजावेत, सोडावी. मग दुसरा पाय.