गादीवाफ्यात काय पेरावे?

(मित्रपरिवाराच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या वर्षी आपल्यातील काही कुटुंबांनी परसबागेच्या कामासाठी बियाण्याची पाकिटे पाठवली. त्यांत मेथी, पालक, मुळा यांच्याबरोबर ब्रुसेल्स स्प्राउटचीही पाकिटे होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, "ही भाजी फार पौष्टिक असते म्हणतात. पोडावरच्या लेकरांच्या ताटात ती यावी असे वाटते. तुमच्याकडच्या वाफ्यात ती येईल का?" प्रश्न मायेने विचारलेला आहे. म्हणून आज त्याचेच उत्तर सविस्तर द्यावे असे ठरवून आले आहे. त्या निमित्ताने आपण पाठवलेली मदत नेमकी कोणत्या मातीत पडते, तेही तुम्हाला कळेल.

आधी ही भाजी कोणती ते सांगते. शहरातल्या मोठ्या दुकानांत लिंबाएवढ्या हिरव्या पानगोबी मिळतात, त्याच या. ब्रुसेल्स ही बेल्जियम देशाची राजधानी. त्या भागात ही भाजी फार पूर्वीपासून होते, म्हणून हे नाव पडले. पानगोबी, फुलगोबी, नवलकोल आणि ही, सगळी एकाच जातीची भावंडे. पानगोबीचा एकच मोठा गड्डा शेंड्याला धरतो. हिचा दांडा दोन-तीन फूट उंच वाढतो आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक लहान गड्डा धरतो. रोप लावल्यापासून गड्डे काढेपर्यंत तीन-चार महिने जातात. त्या काळात हवा सतत थंड, १५ ते १८ अंशांच्या आसपास लागते. दिवस तापू लागले की गड्डे घट्ट न राहता उलगडतात आणि कडवट होतात. भारतात ही भाजी निलगिरीच्या आणि हिमाचलच्या डोंगरांत होते, ती या थंडीमुळे.

आता आपला यवतमाळ जिल्हा पाहा. डिसेंबरात पहाटे शेकोटी लागते हे खरे, पण दुपारी पारा २८-३० अंशांवर असतोच. फेब्रुवारी सरता सरता ऊन चटके देऊ लागते आणि मे महिन्यात पारा ४२-४५ पर्यंत जातो. एवढ्यावरून उत्तर कळतेच. तरीही एका पोडावरच्या एका ताईने दहा रोपे लावून पाहायची तयारी दाखवली. त्या दहा रोपांचे काय झाले ते पुढे सांगते. त्याआधी वाफ्याविषयी.

केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलाम बांधवांच्या वस्त्या आहेत. त्या वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना शासनाने आदिम जमाती मानले आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातली आहे. आमच्याशी मात्र ते वऱ्हाडीत बोलतात. बहुतेकांचे पोट कोरडवाहू कपाशी, तूर आणि मजुरी यांवर चालते. पूर्वी बाया निंदायला गेल्या की ओटीत तरोटा, कुंजरू, चिवळ, अंबाडीची पाने घेऊनच घरी यायच्या. संध्याकाळच्या भाजीला पैसा लागत नसे. आता बऱ्याच शेतांत तणनाशक फवारले जाते. फवारलेल्या बांधावरची भाजी खुडायला हात धजत नाही. मग आठवडी बाजार होईपर्यंत घरात चटणी, भाकर किंवा वरण-भात एवढेच असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच जणांच्या घराला त्या हिशेबाने रोज जवळपास दोन किलो भाजी लागेल. कोणत्या मजुराला ती रोज विकत घेणे परवडेल?

म्हणून परसबाग. शासनाच्या उमेद अभियानातही बचत गटांच्या महिला पोषण परसबागा लावतात. आमचे काम त्याच वाटेवरचे, लहान प्रमाणावरचे आहे. आमच्याकडे गादीवाफे का करतात, हे पाहायचे असेल तर ऑगस्टमध्ये एकदा पोडावर यावे. आपली काळी माती कसदार आहे, पण पाणी धरून ठेवते. झड लागली की सपाट जागेतली मेथी पिवळी पडते, मुळ्या कुजतात. वाफा जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट उचलला की जास्तीचे पाणी निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. वाफ्याची रुंदी चार फूट ठेवतो, म्हणजे कोणत्याही बाजूने बसले तरी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. लांबी दहा फूट. कडेला दगड, फुटके कवेलू किंवा बांबू लावायचे. दोन टोपली काळ्या मातीला एक टोपली पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी जाड रेती मिसळायची. शेणखत कच्चे असले तर हुमणी होते. भोवती पऱ्हाट्यांचे कुंपण करायचे, नाहीतर शेळी एका दुपारी सगळा हिशेब पुरा करते.

हिवाळ्यात अशा एका वाफ्याला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी पुरते. म्हणजे साधारण दोन घागरी. वर तुरीचा पाला किंवा सोयाबीनचे कुटार अंथरले तर त्याहून कमी. या दोन घागरी बहुतेक घरी बाईच्याच डोक्यावरून येतात. त्यामुळे वाफ्यात काय लावायचे हे ठरवताना तिच्या मानेचाही विचार करावा लागतो. नहाणीचे पाणी आम्ही केळी, पपई आणि शेवग्याकडे वळवतो. साबणाचे पाणी पालेभाजीवर घालत नाही.

आता त्या दहा रोपांकडे येते. दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्यात ब्रुसेल्स स्प्राउटची रोपे दोन-दोन फुटांवर लावली तर दहाच बसतात. ऑक्टोबरअखेर लावली, त्यांनी फेब्रुवारीपर्यंत सगळा वाफा अडवला. ताईने रोपांच्या मधल्या जागेत मुळा टाकला, म्हणून निदान ती जागा वाया गेली नाही. रोपे तशी छान वाढली. जानेवारीत पानांच्या बगलेत गड्डे दिसू लागले तेव्हा पोडावरची सगळी लेकरे पाहायला जमली. पण गड्डे आवळले नाहीत. पानांचे सैल झुपके तेवढे झाले. आणि त्या झुपक्यांत मावा शिरला.

गोबीच्या कुळाला मावा आणि अळी आवडते, आणि जे पीक चार महिने उभे राहते त्यावर ती येण्याची वेळही जास्त. ताईच्या यजमानांनी मावा पाहिला आणि कपाशीचा फवारणी पंप उचलला. घरात औषधाची अर्धी बाटली होतीच. कपाशीत जे चालते ते इथेही चालेल, असा त्यांचा सरळ हिशेब. ताई वाफ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "लेकरू इथलाच मुळा उपटून खाते. पंप इकडं आणू नोका."

बंधुभगिनींनो, हे वाक्य साधे वाटेल. पण २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. त्या हंगामाची आठवण इथल्या घराघरात आहे. तो पंप आणि ती बाटली शेतातून निघून चुलीपासून दहा पावलांवरच्या वाफ्यात येणे किती सोपे आहे, हे त्या दिवशी आम्ही सर्वांनी पाहिले. पंप परत कोपऱ्यात गेला. माव्याची पाने तोडून टाकली, उरलेला मावा ओल्या फडक्याने पुसला. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवल्या, सकाळी गाळून ते पाणी पानांवर शिंपडले. दर आठवड्याला हे केले. शेवटी ताईने वरची कोवळी पाने चिरून चण्याच्या डाळीत घातली. भाजी चांगली झाली. झुपके मात्र कडू निघाले. धाकट्या लेकराने तोंड वाकडे केले आणि मुळा मागितला.

शेजारच्या तेवढ्याच वाफ्यात त्याच दिवसांत नवलकोल होता. नवलकोलाला वीत-सव्वा वीत अंतर पुरते, म्हणून ५० रोपे बसली. लावल्यापासून दोन महिन्यांच्या आत गड्डे काढायला आले. एकेक दीड-दोनशे ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून आठ-दहा किलो. पानांचीही भाजी झाली. वाफा रिकामा होताच त्यात मेथी टाकली, ती महिन्याभरात खुडायला आली. एका वाफ्यातून कुटुंबाची सगळी गरज भागत नाही हे खरे आहे. पण असे तीन वाफे असले आणि पेरणी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने केली, तर थंडीचे चार महिने बाजाराची वाट न पाहता घरात हिरवी भाजी शिजते.

पौष्टिकतेची काळजीही या साध्या भाज्यांनी मिटते. मेथी, पालक, शेवग्याचा पाला यांत लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचे घटक भरपूर आहेत. शेवगा तर एकदा लावला की वर्षानुवर्षे उभा राहतो आणि एप्रिल-मेच्या उन्हातही पाला देतो. ब्रुसेल्स स्प्राउटमध्ये जे क जीवनसत्त्व असते, ते त्याच्या भावंडांत, म्हणजे पानगोबीत आणि नवलकोलातही असते. लेकरांना गोबीच्या कुळातलीच भाजी द्यायची असेल, तर नवलकोल आपल्या हिवाळ्यात बसतो.

बियाण्याची गोष्टही सांगायला हवी. गोबीच्या कुळाचे बी आपल्या उष्ण मुलखात धरत नाही, त्याला डोंगराळ थंडी लागते. नवलकोलाचेही तसेच. ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते, म्हणून आम्ही तो एकाच वाफ्यापुरता ठेवतो. चवळी, अंबाडी, वाल, दुधी, दोडका, वांगे, मेथी यांचे गावरान बी मात्र घरीच धरता येते. पोडावरच्या आजीबाई ते राखेत घोळून मडक्यात ठेवतात आणि पुढच्या पावसाळ्याला शेजारणीला मूठभर देतात. कोणाच्या पाकिटाची वाट पाहावी लागत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र पाठवले, ते आपल्याला ठाऊक आहे. परक्या मुलखात हलाखीत राहणाऱ्या लोकांना त्याने बागा लावायला सांगितले, आणि पाठोपाठ त्या बागांतले खायलाही सांगितले. परसबागेचे काम करताना मला त्यातली दुसरी गोष्ट सारखी आठवते. जो लावतो त्याच्याच पोटात ते जायला हवे. त्यामुळे नवी भाजी आली की आम्ही आता पोडावरच्या बायांना तीन प्रश्न विचारतो. ही तुमच्या घरात कशी शिजवाल? हिला मार्चपर्यंत पाणी पुरेल का? आणि कीड पडली तर औषधाच्या बाटलीशिवाय ती आवरेल का? तिन्ही उत्तरे नीट आली तरच वाफ्यात जागा. ब्रुसेल्स स्प्राउट यांत बसली नाही. बी वाईट होते असे नाही. थंड डोंगरात ती भाजी उत्तमच होते.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगते. बियाणे पाठवायचे असेल तर मेथी, पालक, मुळा, सांभार यांचे साधे बी पाठवा, आणि सप्टेंबरच्या आत पाठवा, कारण थंडीची पेरणी ऑक्टोबरात सुरू होते. जून-जुलैसाठी भेंडी, चवळी, दोडका. त्याहून अधिक गरज अवजारांची आहे: फावडे, घमेले, झारी. पाण्यासाठी २०० लिटरचा ड्रम मिळाला तर एका घरच्या बाईच्या रोजच्या खेपा वाटून घेता येतात, कारण हापशीला गर्दी नसेल तेव्हा पाणी भरून ठेवता येते. ज्यांच्या घरी गावरान चवळी किंवा वालाचे बी राखलेले आहे, त्यांनी मूठभर बी कागदात बांधून द्यावे आणि ते कोणत्या गावचे आहे ते वर लिहावे. बाया आवर्जून विचारतात.

आणि शक्य असेल त्यांनी जानेवारीत एकदा पोडावर यावे. ज्यांनी ती पाकिटे पाठवली त्या कुटुंबांना माझे खास आमंत्रण आहे. त्या ताईने या हिवाळ्यात त्याच वाफ्यात नवलकोल आणि कडेने सांभार लावायचे ठरवले आहे. तुम्ही पाहुणे म्हणून आलात तर ती जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.