रात्रीच्या पाण्यासाठी बॅटरी कशी निवडावी?



रब्बीचा हंगाम आला की रात्रीचं पाणी आलंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि काही गावांना शेतीसाठी दिवसा वीज मिळू लागली. पण पुष्कळ ठिकाणी अजून रात्रीची पाळी चुकलेली नाही. कॅनॉलचं पाणी तर दिवस-रात्र पाहतच नाही. अशा वेळी गव्हाच्या वाफ्यात नाहीतर उसाच्या सरीत अनवाणी उतरणारी माणसं आपण रोज पाहतो. हातात बॅटरी असते, पण तिचा उजेड काजव्याएवढा!

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्रीच फिरते. घोणस बांधाच्या गवतात वेटोळं घालून पडली तर वाळल्या पाचटात मिसळून जाते. म्हणून रात्रीच्या कामाला बॅटरी ही फावड्याइतकीच गरजेची आहे. ती कशी पारखून घ्यावी, ते आज पाहू.

जुन्या बॅटरीत काचेचा बल्ब असे. बॅटरी हातातून पडली की बल्बची तार तुटायची. एलईडीत तारच नाही, त्यामुळे ती धक्का सोसते आणि तेवढ्याच सेलवर कितीतरी जास्त उजेड देते. इथपर्यंत ठीक. पण बाजारात या बॅटऱ्यांचे दहा प्रकार आणि त्यावर छापलेले मोठमोठे आकडे, यातच आपण फसतो.

पहिली गोष्ट, उजेड किती हवा?

उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात. पायाखालची वाट आणि पुढची आठ-दहा पावलं नीट दिसायला शंभर ल्यूमेन पुरेसे आहेत. दुकानदार सांगतो, "ही बॅटरी दोन किलोमीटर जाते." बॅटरीचा पल्ला मोजायची जी चांगली पद्धत आहे, तिच्यात झोत पौर्णिमेच्या चांदण्याएवढा मंद होईपर्यंतचं अंतर धरतात. तेवढ्या मंद उजेडात लांबची वस्तू ओळखता येत नाही. म्हणून छापलेल्या पल्ल्याचा निम्माच पल्ला कामाचा, असं समजा. शिवाय आपल्याला साप दोन किलोमीटरवरचा पाहायचा नाही, दोन पावलांवरचा पाहायचा आहे!

त्यासाठी झोत पसरट हवा. अगदी बारीक, लांब जाणाऱ्या झोतात एक ठिपका लख्ख दिसतो आणि त्याच्या बाजूला काळोख राहतो. रानडुकरं नाहीतर बिबट्या असलेल्या भागात लांबचं पाहावं लागतं. तिथं मधे तेज आणि भोवती पसरट असा दोन्ही प्रकारचा उजेड देणारी बॅटरी घ्यावी. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर उजेड बरा. मातकट आणि तपकिरी रंगांतला फरक त्यात चांगला कळतो.

दुसरी गोष्ट, किती वेळ चालेल?

इथं आपण थोडा हिशेब करू. या बॅटऱ्यांत बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. त्यावर समजा २५०० एमएएच लिहिलंय. सेलचा दाब ३.७ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार करून हजारानं भागलं की सव्वानऊ वॉट-तास होतात. शंभर ल्यूमेनला साधारण एक वॉट लागतो. थोडी घट धरली तरी आठ तास, म्हणजे रात्रभराची पाळी निघते. तीच बॅटरी पाच वॉटवर जाळली तर पावणेदोन तासांत अंधार! म्हणून मंद, मध्यम आणि तेज असे टप्पे असलेलीच बॅटरी घ्या. चालताना मध्यम ठेवा, तेज फक्त गरजेपुरता.

सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊ नका. या मापाच्या चांगल्या सेलात साडेतीन हजारांच्या आसपासच ताकद मावते. सोनाराच्या काट्यावर वजन करून पाहा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. बराच हलका भरला तर आत माल नाही असं समजा.

तिसरी गोष्ट, पाणी आणि हात.

पुडक्यावर आयपीएक्स-४ लिहिलं असेल तर बॅटरी शिंतोडे सोसते. आयपीएक्स-७ असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. आपल्याला पाटात उतरायचं असतं, म्हणून दुसरी घ्यावी. बटण ओल्या, चिखलाच्या हातानं दाबता आलं पाहिजे. एका दाबात लागली पाहिजे. पाच वेळा दाबल्यावर लागणारी आणि मधेच लुकलुकणारी बॅटरी अडचणीच्या वेळी कामाची नाही.

बारं द्यायला दोन्ही हात लागतात. तिथं डोक्याला पट्ट्यानं बांधायची बॅटरी फार सोयीची. बॅटरी दातात धरून स्टार्टरची पेटी उघडू नका. आधी मेन स्विच बंद करा, हात कोरडे करा, मग पेटीला हात लावा.

चौथी गोष्ट, निगा.

घरी वीज असेल तेव्हा दिवसाच चार्ज करून ठेवा. मागचं झाकण पाव वळसा सैल केलं की बहुतेक बॅटऱ्या पिशवीत आपोआप लागत नाहीत. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, आग लागू शकते. उन्हात तापलेल्या ट्रॅक्टरवर बॅटरी ठेवू नका. फुगलेला सेल पुन्हा चार्ज करू नका आणि चुलीत तर मुळीच टाकू नका. साधे सेल वापरत असाल तर काम नसताना काढून ठेवा, नाहीतर ते गळून बॅटरी खाऊन टाकतात.

आणि खिशात दुसरी एखादी छोटी बॅटरी असू द्या. मोबाईलचा उजेड आहेच, असं म्हणू नका. रात्रभर उजेडाला मोबाईल वापरला आणि तो बंद पडला, तर १०८ ला फोन कशानं करणार?

मंडळी, बॅटरी कितीही चांगली असली तरी पायात गमबूट आणि हातात काठी हवीच. काठी आपटत चाला. आणि एवढं करूनही साप चावलाच, तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. मण्यारीचा चावा कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. म्हणून नुसती शंका आली तरी वाट पाहू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा:

१. शंभर ल्यूमेनचा पसरट उजेड, रात्रभर टिकणारा.
२. सेलवरच्या फुगवलेल्या आकड्यांना भुलू नका.
३. पाण्यात पडली तरी चालणारी, एका दाबात लागणारी बॅटरी घ्या.
४. जोडीला दुसरी छोटी बॅटरी, गमबूट आणि काठी.

पीक एका हंगामाचं असतं, पण घरचा माणूस सगळ्या हंगामांचा असतो. आज संध्याकाळी पाळीला निघण्याआधी आपली बॅटरी अंगणात लावून बघा. दहा पावलांवर पडलेली दोरी स्पष्ट दिसली नाही, तर येत्या बाजारच्या दिवशी पहिली खरेदी बॅटरीची करा.

नमस्कार.