जावरची भट्टी आणि धानाची बांधी

(चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया येथे धान उत्पादक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संकलित भाग)



नागझिऱ्याच्या अरण्याला टेकून वसलेल्या चोरखमाऱ्यात रसायनशास्त्रावर व्याख्यान, याचे काहींना नवल वाटेल. रसायन म्हटले की डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतील काचेची नळी येते, नाहीतर कारखान्याचे धुराडे. वस्तुतः मूलद्रव्यांचा व्यवहार तलावाखालच्या बांधीत, स्वयंपाकघरात आणि लेकराच्या आजारपणातही अखंड चालू असतो. आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी एकाच मूलद्रव्याची ही कथा आहे. ते मूलद्रव्य म्हणजे जस्त.

१९९९ पर्यंत हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. घराघरांतील गुंड, गंगाळ, देवघरातील समई यांतून जस्त पिढ्यान् पिढ्या नांदत आले, पण नाव राहिले पितळेचे. गोठ्यावरचा पत्रा लोखंडाचा, मात्र तो पावसात टिकतो तो त्यावरील जस्ताच्या पातळ थरामुळे. या थराचा गुण विलक्षण आहे. पत्र्यावर ओरखडा उठून लोखंड उघडे पडले, तरी आजूबाजूचे जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंडाला गंजू देत नाही. रंगाला हे जमत नाही.

असा उपयुक्त धातू जगाला उशिरा मिळाला, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. तांबे वा लोखंड खनिजातून सुटे करताना भट्टीच्या तळाशी गोळा होते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि खनिजातून ते सुटे करायला त्याहून अधिक उष्णता द्यावी लागते. परिणामी धातू जन्माला येतो तोच वाफेच्या रूपाने. ती वाफ हवेला भेटली की क्षणात तिची पांढरी भुकटी होते, आणि कारागिराच्या हाती राख उरते. म्हणून भट्टीतल्या भट्टीत, हवा लागू न देता, ही वाफ थंड करावी लागते.

हे कोडे औद्योगिक प्रमाणावर प्रथम सुटले ते राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावर येथे. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून तेथे उत्खनन केले. मातीच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशी, त्यांना जोडलेली लांब नळी आणि एका भट्टीत अशा छत्तीस मुशी, तोंड खाली करून मांडलेल्या. वर धगधगता अग्नी, खाली गार कोठी. वाफ नळीतून खाली उतरायची आणि कोठीत धातू होऊन थिजायची. वापरून झालेल्या मुशींचे ढीग तेथे आजही आहेत. परिसरातील लोकांनी त्यांच्या भिंती रचून घरेही बांधली. ‘रसरत्नसमुच्चय’ या सुमारे तेराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात रसक या जस्ताच्या खनिजापासून धातू काढण्याची कृती आहे आणि तिच्यासाठी सांगितलेल्या मुशीचे नावच वृन्ताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस. पोथीतले वर्णन आणि जमिनीतला अवशेष यांची अशी गाठ क्वचितच पडते.

युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवली जात असे. त्याने हे तंत्र भारतातूनच उचलले, असे काही व्यासपीठांवरून छातीठोकपणे सांगितले जाते. तसा लेखी पुरावा हाती आलेला नाही, आणि नसलेल्या पुराव्याची गरजही नाही. जावर जे आहे तेच एवढे भक्कम आहे की त्यात पदरची भर घालणे म्हणजे शुद्ध धातूत कथिल मिसळणे होय. खरी खंत दुसरीच आहे. ज्या कुंभारांनी त्या मुशी घडवल्या आणि ज्या भट्टीवाल्यांनी आगीचा रंग पाहून वेळ ओळखली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.

आता धानाकडे वळू. १९६० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, पंतनगरच्या परिसरात, रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांनी धानाची खालची पाने काथाच्या रंगाची होऊ लागली. वाढ खुंटे, बांधीत टक्कल पडल्यासारखे पट्टे दिसत. शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत आणि रोग समजून औषधे मारत. पंतनगर कृषी विद्यापीठात तेव्हा डॉ. यशवंत लक्ष्मण नेने होते, मूळ ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. ते वनस्पतिरोगतज्ज्ञ, बुरशी आणि विषाणू शोधणे हे त्यांचे काम. तरीही १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केले की येथे जंतूच नाही, जमिनीत जस्त कमी पडते आहे. शेतात उभ्या धानावरील जस्ताच्या उणिवेची ही जगातील पहिली नोंद मानली जाते. ज्याच्या हातात हातोडा असतो त्याला सर्वत्र खिळे दिसतात. नेने यांना तसे दिसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. पुढे हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत मोठे पद भूषवल्यावर त्यांनी आशियाई कृषी-इतिहासाच्या अभ्यासासाठी प्रतिष्ठान उभारले आणि सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथाची ऑक्सफर्डमधील हस्तलिखित प्रत मिळवून त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले.

पाणी साचलेल्या बांधीतच ही उणीव का बळावते? पाण्याखाली मातीतील हवा संपते, तिचे रसायन बदलते आणि असलेले जस्तही मुळांना न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. चुनखडीच्या जमिनीत हे अधिक. त्यात वर्षानुवर्षे स्फुरदाची खते अधिक पडली तर आणखी अधिक. युरियाने रोप हिरवेगार दिसते, पण तो जस्ताची जागा घेऊ शकत नाही. देशभरातील मातीच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त अपुरे आढळले आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांचे आकडे असतात. त्यांत जस्ताचा रकाना आहे. पत्रिका पेटीत ठेवण्यासाठी नसते. तो रकाना वाचून पाहावा.

उपाय स्वस्त आहे. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरवलेला चुना १००० लिटर पाण्यात मिसळून फवारतात. चुना कशासाठी, हा प्रश्न शाळेतल्या मुलानेही विचारावा: झिंक सल्फेटचे द्रावण आम्लधर्मी असते, चुना ते आम्ल मारतो आणि पान करपत नाही. जमिनीतून द्यायचे तर झिंक सल्फेट डीएपीमध्ये कालवू नये; दोहोंचा संयोग होऊन न विरघळणारे फॉस्फेट बनते आणि पैसा मातीत जातो, तोही शब्दशः.

जे मातीत नाही ते दाण्यात येत नाही, आणि दाण्यात नाही ते ताटात कोठून येणार? बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझला गेले, तेथे एकवीस वर्षांचा एक तरुण त्यांच्यासमोर आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा. १९६१ आणि १९६३ मधील त्यांच्या शोधनिबंधांनी मानवी शरीरातील जस्ताच्या उणिवेचे दार उघडले. त्याआधी माणसाला जस्त कमी पडू शकते, हेच वैद्यकाला मान्य नव्हते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात जस्त मुळात थोडे; म्हणूनच हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचे ‘डीआरआर धान ४५’ हे अधिक जस्ताचे वाण २०१६ मध्ये आले.

लेकराला जुलाब लागले की मीठ-साखरेचे पाणी द्यावे, हे आता घरोघरी माहीत आहे. त्याच्या जोडीला जस्ताची गोळी द्यावी, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये केली: सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बालकाला त्याच्या निम्मी. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि माता गोळी बंद करते. ती चौदा दिवस पूर्ण द्यायची असते, कारण उरलेले दिवस शरीरातून वाहून गेलेल्या जस्ताची भरपाई करण्यासाठी आहेत.